उभ्या नसेचा चॉपिंग बोर्ड, डमरूच्या सांध्यांचा : प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी

ताईच्या बेळगावातल्या टिळकवाडीतल्या नव्या घरासाठी चॉपिंग बोर्ड करायचा ठरला. वास्तुशांत अक्षय तृतीयेच्या सुमाराला आहे, त्याआधी द्यायचा. विळी आता नारळ खवण्यापुरती उरली, बाकी सगळं चिरणं ओट्यावर उभं राहून. जुना बोर्ड दुकानातून आणलेला होता. आडव्या पट्ट्या जोडलेल्या आणि चारी बाजूंनी गडद लाकडाची चौकट. पावसाळ्यात चौकटीचे कोपरे उघडले, उन्हाळ्यात मधली एक जोड सुटली. आता त्या फटीत कोथिंबिरीची पानं अडकतात आणि काढायला सुई लागते.

ताई म्हणाली, "नक्षी पाहिजे बघ मला, पण फाटायला नको. तू पॅटर्न करतोस की रे, तुला काय अवघड?"

उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्याच्याभोवती वाळूचा साचा करतात ते नमुने, करणं हा माझा धंदा. आमच्याकडे आकसण्याचा हिशोब पहिला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी आकसपट्टी वेगळी असते. पण बीड लांबीत, रुंदीत, उंचीत सारखंच आकसतं. लाकडाची गोष्ट निराळी. नसेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं ते जवळपास हलतच नाही. ओल्या सागाला पूर्ण वाळवलं तर गाभ्याकडून सालीकडे तो सुमारे अडीच टक्के आकसतो आणि वर्षवलयांच्या कडेकडेनं त्याच्या दुप्पट, पाच टक्क्यांच्या वर. एकाच तुकड्यात तीन दिशांना तीन वागणुकी. ताईच्या बोर्डाची चौकट याच कारणानं उघडली, कारागिराच्या हाताचा त्यात दोष नव्हता.

म्हणून नक्षी अशी हवी की लाकूड हललं तर तीही त्याच्याबरोबर हलली पाहिजे. डिझाइनची सुरुवात इथून.

१२ फेब्रुवारी

सकाळी कॅम्पातल्या मटणाच्या दुकानात मुद्दाम थांबलो. तिथला ठोकळा म्हणजे चिंचेच्या बुंध्याचा आडवा कापलेला तुकडा, तंतू वरच्या दिशेला उभे. सुरा दिवसभर पडतो तरी पृष्ठभागाच्या चिंधड्या होत नाहीत, कारण धार तंतू तोडत नाही, दोन तंतूंच्या मधून शिरते आणि सुरा उचलला की तंतू पुन्हा जवळ येतात. धारही जास्त दिवस टिकते. आडव्या नसेच्या फळीवर तोच सुरा तंतू आडवे कापतो, मग चरे पडतात आणि बारीक कुसळं निघतात.

उभ्या नसेचा बोर्ड आपल्याकडे प्रत्येक खाटकाच्या दुकानात आहे, फक्त त्याला आपण ठोकळा म्हणतो.

त्याच ठोकळ्यात दुसरा धडाही दिसतो. काठापासून मध्यापर्यंत पाचरीच्या आकाराची भेग. अख्खी गोल चकती वाळली की परीघ जास्त आकसतो, त्रिज्या कमी, आणि हा फरक कुठेतरी फुटूनच भरून निघतो. दुकानदाराला त्याची फिकीर नाही. ठोकळा रोज खरवडला जातो, मीठ चोळलं जातं, झिजला की दुसरा येतो. घरच्या ओट्यावर मात्र भेग चालणार नाही. म्हणून छोटे छोटे तुकडे घ्यायचे, त्यांची वलयं एकाच बाजूला वळवायची आणि मग चिकटवायचे.

१६ फेब्रुवारी

आज नुसता कागद आणि पेन्सिल.

माप ठरवलं : ४३२ बाय ३००, जाडी ४५ मिलिमीटर. सागाचा धरला तर वजन पावणेचार किलोच्या आसपास भरेल. ओट्यावर सरकणार नाही आणि ताईला एकटीला उचलताही येईल.

हालचालीचा हिशोब. सागाच्या ओलाव्यात १ टक्का फरक पडला की वलयांच्या कडेनं तो दर मिलिमीटरला ०.००१८६ इतका फुगतो, गाभ्या-सालीच्या दिशेनं ०.००१०१. बेळगावात मार्च-एप्रिलची हवा कोरडी, आणि जूनपासून भिंतीला हात लावला तरी ओल जाणवते. खानापूर, कणकुंबीकडे तर विचारूच नका. ५ टक्क्यांचा फरक धरला. रुंदीत ३०० × ०.००१८६ × ५ म्हणजे जवळजवळ २.८ मिलिमीटर, लांबीत ४३२ × ०.००१०१ × ५ म्हणजे २.२. वर्षातून एकदा एवढं फुगायचं आणि परत आत यायचं. जाडीत काही नाही, कारण नस त्या दिशेला उभी.

यावरून दोन कल्पना लगेच बाद.

पहिली म्हणजे शिसवीची चौकट. दिसायला देखणी खरी, पण चौकटीची पट्टी तिच्या लांबीत हलत नाही आणि आतला बोर्ड दोन मिलिमीटरनं फुगतो. एक तर कोपरे उघडतील नाही तर बोर्ड चिरेल.

दुसरी, बोर्ड तयार झाल्यावर वरून खाच मारून डमरूच्या आकाराच्या चाव्या बसवायच्या. चित्रांत अशा चाव्या पुष्कळ दिसतात. आडव्या नसेच्या फळीतली भेग धरून ठेवायला त्या उत्तम. उभ्या नसेच्या बोर्डात मात्र आडवी चावी म्हणजे परका तुकडा. २० मिलिमीटरच्या चावीभोवतीचं लाकूड ०.२ मिलिमीटरनं मागेपुढे होणार आणि चावी जागची हलणार नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिच्याभोवती रेघ उमटेल, त्या रेघेत पाणी जाईल.

डमरूचा आकार मला सोडवत नाही, हे खरं. जुन्या वाड्यांच्या फळ्यांत, देवळाच्या दगडी चिऱ्यांत तो पाहिलेला आहे. दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना धरून आहेत हे तो आकार नुसत्या डोळ्यांना सांगतो. मग चावीचीही नस उभीच ठेवायची.

१७ फेब्रुवारी

उत्तर सापडलं, आणि ते आमच्याच धंद्याच्या पद्धतीचं आहे.

चावी बोर्डात बसवायची नाहीच. आधी लांब पट्ट्या करायच्या, त्यांच्या कडांना लांबीभर डव्हटेल खाच (आत रुंद, तोंडाशी अरुंद) मारायची, दोन पट्ट्यांच्या खाचा समोरासमोर आणून मधे डमरूच्या छेदाची लांब काठी सरकवायची. पट्टी आणि काठी दोन्हींची नस लांबीच्या दिशेला. अशी फळी जोडून झाली की तिचे आडवे काप घ्यायचे. प्रत्येक कापाच्या तोंडावर डमरू आपोआप येतो. काप उभा केला की सागाचीही नस उभी, डमरूचीही उभी. दोघांचं फुगणं-आकसणं एकाच दिशेला.

मापं, सगळी मिलिमीटरमध्ये :

फळी ३०० रुंद, ३६ जाड, लांबी ६५०. पट्ट्या पाच. सगळ्या ६० च्या घेतल्या तर डमरू एका रेषेत येऊन बोर्ड फरशीसारखा दिसेल. म्हणून ३०, ७५, ७५, ७५ आणि ४५. बेरीज ३००. सांधे ३०, १०५, १८० आणि २५५ वर येतात. एकाआड एक काप डावं-उजवं उलटा ठेवला की तेच सांधे ४५, १२०, १९५, २७० वर जातात, म्हणजे प्रत्येक ओळीत १५ मिलिमीटरची सरकण. डमरूंची नागमोडी लाट तयार होते. सांध्याखाली सांधा न आल्यानं बोर्डाला एक सरळ कमकुवत रेषाही राहत नाही. नक्षी आणि ताकद दोन्ही या एका उलटापालटीत मिळतात. या आकड्यांवर माझा जीव जडला आहे.

काप ४८ चा, करवतीचा दात ३ खातो. बारा काप म्हणजे ६१२. उरलेले ३८ दोन्ही टोकं साफ करायला.

राउटरचं (खाचा मारायच्या यंत्राचं) डव्हटेल बिट १२.७ व्यासाचं, १४ अंशांचं. १० खोल गेलं की खाचेचं तोंड साधारण ७.७ राहतं. डमरू म्हणजे २० लांब, टोकांना १२.७ आणि कमरेत ७.७.

२२ फेब्रुवारी

लाकूड आणलं. शहापुरात एक जुनं घर उतरवलं, त्याच्या तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे आल्या होत्या. दांडेली-हल्याळकडचा साग असावा असं तो म्हणतो. वलयं जवळजवळ आहेत आणि वास अजून येतो. जुन्या घराचं लाकूड घेण्यात माझा स्वार्थ असा की त्यानं कितीतरी पावसाळे काढलेले असतात. वाकायचं ते वाकून झालेलं असतं.

डमरूसाठी शिसव. फणसाचा विचार केला होता, पिवळाधमक रंग सागावर उठून दिसतो. पण फणस हळूहळू तपकिरी होत जातो आणि सागाच्या जवळ येतो. काही वर्षांनी नक्षी विझून जाईल. शिसव गडदच राहते. नवी घ्यायच्या फंदात पडलो नाही. शिसवीची वाहतूक वनखात्याच्या परवान्याशिवाय होत नाही, आणि तिचा जवळजवळ अख्खा डालबर्जिया वंश २०१७ पासून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, इतकी या झाडाची मागणी आणि इतकी त्याची तोड. व्यापाऱ्याकडे मोडक्या शिसवी पलंगाची एक लांब पाटी पडून होती. चार काठ्यांना ती पुरून उरते.

२४ फेब्रुवारी

तुळईवर आधी लोहचुंबक फिरवला. पाच-सहा ठिकाणी ओढ लागली. खिळे काढले, एक तर इतका खोल होता की त्याच्याभोवतीचं लाकूड निळं-काळं पडलेलं. सागातला रस आणि लोखंड यांचा तो डाग. तेवढा भाग टाकून दिला.

मग फाडणी. सागाच्या पेशींत सिलिका असते, साध्या पात्याची धार बघता बघता जाते. कार्बाइडच्या दातांचं पातं लावलं. पट्ट्या मापापेक्षा ३ मिलिमीटर जाड ठेवून मधे काड्या घालून रचल्या. ओलावा मोजला : १० टक्के.

५ मार्च

पट्ट्या रंध्यावर नेमक्या मापात आणल्या. पाचही पट्ट्यांची टोकं पाहून वलयं कुठे वळतात ते खडूनं लिहिलं आणि वलयांची कड सगळीकडे रुंदीच्या दिशेला येईल अशी मांडणी केली. एक पट्टी तिरक्या वलयांची निघाली. ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. ही मांडणी वरून कोणाला दिसत नाही, पण बोर्ड सपाट राहणार की पापडासारखा वळणार ते इथेच ठरतं.

११ मार्च

खाचा मारल्या. डव्हटेल बिट थोडं थोडं खोल नेता येत नाही, पूर्ण खोलीवर एकाच फेरीत जावं लागतं, कारण खाच आत रुंद आणि तोंडाशी अरुंद. म्हणून आधी ६ च्या सरळ बिटानं मधला माल काढला, मग डव्हटेल. बिटावरचा ताण निम्म्यावर आला आणि खाचेच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत निघाल्या.

१३ मार्च

शिसवीच्या काठ्या. राउटर टेबलवर दोन्ही बाजूंनी तेच बिट, कुंपण एकेक दशांश सरकवत. शिसवीची धूळ बारीक आणि त्रासदायक, कातडीला खाज येते, नाकात झोंबते. मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही लावले आणि शेडचं दार उघडं ठेवलं.

शेजारच्या शेडमधले सुतारमामा डोकावले. "काय करूलालास रे? काठीला कंबर काढूलालास?"

त्यांना काठी खाचेत सरकवून दाखवली. त्यांनी ती दोन बोटांनी मागेपुढे केली आणि म्हणाले, "कोरडी हातानं जातीया, पण डिंक लागला की फुगतीय ही. अर्ध्यात अडकली तर हातोडीनं पण येत न्हाई बघ."

मामांचं म्हणणं बरोबर आहे. लाकडाच्या डिंकात पाणी असतं. कोरडी घट्ट बसणारी काठी डिंक लागताच फुगते आणि ६५० मिलिमीटर सरकेपर्यंत रुतून बसते.

पॅटर्नवाल्याच्या मनात पहिलं येतं ते टेपर. वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून आम्ही उभ्या बाजूंना थोडा उतार देतोच. काठी आणि खाच दोन्हींना लांबीत हलका उतार दिला तर शेवटच्या काही मिलिमीटरलाच ती घट्ट होईल. पण मग पहिल्या कापातला डमरू मोठा आणि बाराव्यातला लहान. लाट बिघडेल. म्हणून टेपर नको.

त्याऐवजी काठीचे तीन तुकडे करायचे, प्रत्येकी २०४ चे. चार काप आणि चार करवतखाचा मिळून बरोबर २०४ होतात. म्हणजे दोन तुकड्यांची जोड नेमकी करवतीच्या ३ मिलिमीटरमध्ये येते आणि भुश्यातच जाते. बोर्डात जोड कुठेच दिसणार नाही. लहान तुकडा सरकवायलाही सोपा. आणि काठी दोन्ही गालांना थोडी सैल, ०.१५, म्हणजे डिंकाला जागा.

१५ मार्च

फळी जोडली. साग तेलकट असतो, म्हणून डिंकाच्या आधी प्रत्येक खाच आणि कड अॅसिटोननं पुसली. शिसव मात्र वेगळ्या फडक्यानं आणि लांबच्या टेबलावर, कारण अॅसिटोन लागला की तिचा जांभळा रंग सुटतो आणि तेच फडकं सागाला लागलं तर डाग बसतो.

डिंक फेविकॉल मरीन, पाण्यात टिकणारा. दोन-दोन पट्ट्या जोडत गेलो, चारही सांधे एकदम घेतले नाहीत. खाचेत बारीक ब्रशनं डिंक, मधला तुकडा आधी, मग दोन्ही टोकांनी एकेक, आणि शिकंजे. शिकंज्याला अंगातली ताकद लावायची नाही, डिंकाचे मणी सांध्यावर सारखे उमटले की थांबायचं.

इथे सगळे चिकटणारे पृष्ठभाग लांब नसेचे आहेत. पुढचे काप जोडतानाही तसंच. नसेच्या टोकावर डिंक टिकत नाही, तंतूंच्या पोकळ्या तो शोषून घेतात आणि सांधा कोरडा पडतो. उभ्या नसेच्या बोर्डात टोकं फक्त वर आणि खाली, म्हणूनच इतक्या तुकड्यांचा बोर्ड मजबूत होतो.

१९ मार्च

कापणी. टेबल सॉवर सरकती घोडी, मागे टेकू पट्टी, ४८ वर थांबा. टेकू नसेल तर दात बाहेर पडताना शेवटचे तंतू उचकटून नेतो.

पहिला काप हातात घेतला. करवतीच्या खुणा होत्या, रंग फिका होता, तरी चार डमरू स्वच्छ. ओल्या बोटानं एक चोळला तेव्हा शिसव एकदम काळी झाली आणि सागाची बारीक छिद्रं वलयावलयानं दिसायला लागली. शिसवीच्या कमरेला आणि सागाच्या ओठाला मधे डिंकाची रेघसुद्धा दिसत नव्हती. भिंगाखाली धरल्यावर केसाएवढी दिसली.

बारा काप टेबलावर मांडले, एकाआड एक उलटे. लाट बरोबर आली.

२ एप्रिल

काप जोडणी. दिवसा हवा इतकी तापते की डिंक पसरेपर्यंत साय धरतो. दिवेलागणीनंतर घेतली. आधी सहा, मग दुसरे सहा, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्धे एकत्र. वर-खाली सरळ बॅटन (दाबपट्ट्या), त्यांना पॅकिंग टेप, म्हणजे बॅटन बोर्डाला चिकटत नाही. ओळींमधली १५ ची सरकण राखायला कापांची एक बाजू लोखंडी कोनपट्टीला टेकवली.

९ एप्रिल

सपाटी. कोणी हे वाचून करणार असेल तर एवढं लक्षात ठेवा : उभ्या नसेचा बोर्ड थिकनेस प्लेनरमध्ये (जाडी रंधणाऱ्या यंत्रात) घालू नका. पात्यापुढे तंतू उभे असतात, मागच्या काठाचा ढलपा उडतो, कधी अख्खा तुकडाच फुटून बाहेर येतो. दोन रुळांवर राउटरची गाडी बसवली, चारही काठांना आधी चँफर (तिरका उतार) मारला आणि अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फेऱ्या घेतल्या. ४८ वरून ४५.३.

मग स्क्रेपर, मग सँडिंग ८० नंबरपासून. उभ्या नसेवर ८० च्या रेघा हट्टी असतात. त्या पूर्ण जाईपर्यंत १२० हातात घेऊ नये. नंतर १८० आणि २४०. प्रत्येक टप्प्याला धूळ हवेनं उडवली, ओल्या फडक्यानं पुसली नाही, नाहीतर शिसवीची धूळ सागाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि बोर्ड मळकट दिसतो.

१२ एप्रिल

शेजारच्या मशीन शॉपच्या सरफेस प्लेटवर (सपाटी तपासायच्या पाटावर) बोर्ड ठेवला. चारही कोपऱ्यांत ०.१ चा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जात नाही. मालकांनी स्वतः वाकून पाहिलं, म्हणाले, "एवढं तर आमच्या कास्टिंगला पण मागत नाहीत."

रुंदीच्या दोन्ही बाजूंना बोटं घालायला खाच मारली. तिथे तंतू उभे आणि बिट त्यांना आडवं कापत जातं, म्हणून दोन्ही टोकांना भंगार पट्टी चिकटवून मगच.

रबरी पाय लावले नाहीत. बोर्ड दोन्ही बाजूंनी वापरता यायला हवा.

१४ एप्रिल

पाणी फवारून तंतू उठवले, सुकल्यावर २४० नं हलके बसवले. पुन्हा एकदा तसंच. हे आज केलं नाही तर ताईच्या पहिल्या धुण्यात बोर्ड खरखरीत होईल.

१६ एप्रिल

तेल. शेंगतेल किंवा सूर्यफुलाचं तेल लावायचं नाही, आत खवट होतं आणि वास येतो. जवसाचं कच्चं तेल सुकतं पण फार वेळ घेतं, आणि रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या जवसात सुकवण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, ते अन्नाजवळ नको. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घेतलं. रंग नाही, वास नाही, खराब होत नाही.

बोर्ड आडवा ठेवून तेल ओतलं. उभ्या नसेचं लाकूड तेल पिताना दिसतं. मधे तळं साचलं होतं, बघता बघता ते आत गेलं आणि थोड्या वेळानं खालच्या बाजूला सागाच्या छिद्रांतून बारीक ठिपके उमटले. ४५ मिलिमीटर आरपार. तंतू म्हणजे नळ्याच आहेत याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. पिणं थांबेपर्यंत लावत राहिलो.

२४ एप्रिल

वरून मेणाचा हात. लिक्विड पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवलं. मेण जोयड्याकडून मध घेऊन येणाऱ्याकडचं.

हाताखालचा मुलगा या आठवड्यात येत नाही. त्यांच्या गल्लीच्या शिवजयंतीच्या चित्ररथाचा सांगाडा सुताराशिवाय उभा राहत नाही, आणि बेळगावात त्या मिरवणुकीपुढे दुसरं काम नाही. घासून चमक काढायचं मीच केलं.

वास्तुशांतीच्या आधी

बोर्ड दिला. ताईनं आधी हात फिरवला, मग डमरूवर नख घासून पाहिलं, कुठे लागतं का. मग कांदा घेतला. दाजी म्हणाले भिंतीवर लावू या, ताईनं ऐकलं नाही.

बोर्डाबरोबर तोंडी सूचना दिल्या : पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, डिशवॉशरचा तर प्रश्नच नाही. धुतला की दोन्ही बाजू सारख्या पुसायच्या आणि काठावर उभा करायचा. एकच बाजू ओली राहिली की तेवढीच फुगते आणि बोर्ड वळतो. महिन्यातून एकदा तेल, पावसाळ्याच्या तोंडाला हमखास.

तिचा प्रश्न मासळीचा होता. कारवार-गोव्याकडची मासळी घरात आठवड्याला येतेच. लाकडात जंतू राहतात म्हणून प्लास्टिकचा घ्यावा असं तिला कोणी सांगितलं होतं. अमेरिकेतले अन्नसुरक्षेचे संशोधक डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले जातात आणि थोड्या वेळानं पृष्ठभागावरून परत मिळत नाहीत, प्लास्टिकवर मात्र टिकतात, आणि सुरीचे चरे पडलेलं प्लास्टिक हातानं नीट स्वच्छ होत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणून धुणं टाळायचं असं नाही. मासळीनंतर साबण आणि गरम पाणी लागतंच. पण लाकडाला घाबरायचं कारण नाही. शिवाय बोर्डाला दोन बाजू आहेत.

२० जुलै

महिनाभर झोड उठवली आहे पावसानं. मार्कंडेय नदी दुथडी, शेतं भरलेली. ताईकडे कॅलिपर घेऊन गेलो. एप्रिलमध्ये रुंदी ३००.० होती, आज ३०१.७. लांबी ४३२.० ची ४३३.२. कागदावरच्या आकड्यांपेक्षा कमी, कारण तेल आणि मेण ओलावा आत जाण्याचा वेग कमी करतात, आणि पावसाळा अजून सरलेला नाही. जाडी होती तेवढीच.

सगळे डमरू नखानं तपासले. एकाभोवतीही ओठ उठलेला नाही. पट्टी टाकून पाहिलं, बोर्ड सपाट. एका कोपऱ्यात सुरीच्या बारीक खुणा आहेत, ताई तिथेच लसूण ठेचते. ओल्या फडक्यानं पुसून थोडा वेळ तसाच ठेवला तर त्यातल्या बऱ्याचशा मिटल्या.

ताईची एक मागणी : मासळीची बाजू कोणती ते कळत नाही, दोन्ही सारख्या दिसतात. खूण पाहिजे.

२६ जुलै

खूण केली. मासळीच्या बाजूला, काठापासून २५ वर, १० व्यासाचं भोक १५ खोल, त्यात शिसवीचा गोल दांडका. पलंगाच्या पाटीचा उरलेला तुकडा नसेच्या दिशेनं खरादून काढला, म्हणजे भोकातही नस उभीच. डिंक लावून ठोकला, सुकल्यावर पटाशीनं सपाट केला आणि वर तेल. ताईच्या सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि शाकाहारी बाजूलाही एक खूण कर म्हणाल्या, वेगळ्या रंगाची. त्यासाठी फणस आणायचा आहे.